मदत हवी आहे: जास्वंदीवरचे हे पांढरे किडे शत्रू की मित्र?

गॅलरीतल्या कुंडीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण झालाय. शेंड्यांना आणि कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पुंजके, पानं आकसलेली, खालच्या पानांवर चिकटा आणि काळी बुरशी. चिकट्यासाठी या किडीला राखणाऱ्या मुंग्यांची रांग तर कायमचीच.

किडके शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले. पाण्याचा जोरदार फवारा मारून झाला. नीमतेल लिटरला 5 मिली, थोडा लिक्विड सोप घालून, संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारतो. कीड कमी होते, पुन्हा येते. मुळं तपासली, तिथे काही नाही.

आता त्याच पुंजक्यांत काही मोठे, लांब पांढरे झुपकेवाले किडे दिसताहेत आणि ते चांगले भराभर चालतात. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंग्याची अळी अशीच दिसते म्हणे.

फुलं रोज देवाला लागतात, शेजारी कढीपत्ता आणि पुदिना आहे. त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) कीटकनाशक नको (पहिला सल्ला हमखास तोच येतो).

ही अळी खात्रीने कशी ओळखायची? आणि ती मित्रच निघाली, तर नीमतेल पूर्ण थांबवून फक्त मुंग्यांचा बंदोबस्त करावा का? तो कुंडीत कसा करता?