युद्धाला विरोध, पण सैनिकांशी निष्ठा?

प्रश्न: २००३ च्या इराक मोहिमेचा निधी तोडा म्हणणारे अमेरिकी नागरिक जवानांशी गद्दारी करत होते का?

प्रतिसाद १: मुळीच नाही. तिथल्या सैनिकाच्या शपथेत आधी राज्यघटना येते, राष्ट्राध्यक्षांचे आदेश नंतर. व्हिएतनाम युद्धाचा दाखला घ्या: आग्नेय आशियातल्या लढाईचा निधी १५ ऑगस्ट १९७३ पासून बंद झाला, तोवर व्हिएतनाममधली लढाऊ फौज मार्चअखेरीसच परतली होती. आधी माघार, मग कात्री. हा क्रम उलटला तर हाल जवानांचेच.

प्रतिसाद २: आणि पैसा मंजूर झाला म्हणजे जवान सुरक्षित, हेही खोटं! २००४ मध्ये जवान भंगारातले पत्रे हमवी या लष्करी गाड्यांच्या दारांना ठोकत होते, कारण रस्त्याकडेच्या स्फोटांपुढे ती दारं टिकत नव्हती.

प्रतिसाद ३: संसदेच्या परवानगीशिवाय राष्ट्राध्यक्षांना फौज लढाईत ठेवता येते त्या ६० दिवसांच्या कायदेशीर मुदतीवर विसंबून तेव्हा उपयोग नव्हता. संसदेच्या ऑक्टोबर २००२ च्या ठरावाने इराकवरच्या कारवाईला परवानगी आधीच दिली होती. तो ठरावच रद्द करा, अशी मागणी तेव्हा हवी होती.