कोपरे लुकलुकतात, काय करू?

प्रश्न: ब्लेंडर या 3D प्रोग्रॅममधल्या सायकल्समध्ये (दृश्याचं चित्र काढणारा भाग) दिवाणखान्याची 40 सेकंदांची फिल्म करतेय. सेकंदाला 25, म्हणजे 1000 फ्रेम. प्रत्येकी 4 मिनिटं धरून जवळपास 67 तास! सुटं चित्र झकास दिसतं, पण फिल्म चालवली की सोफ्यामागचे कोपरे लुकलुकतात. सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी तपासलेले प्रकाशकिरण) 128, वर डीनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारा).

उत्तर: डीनॉइझर प्रत्येक फ्रेम वेगळी पुसतो, मागच्या फ्रेमशी त्याला देणंघेणं नसतं. सॅम्पल वाढवा. आधी त्या कोपऱ्याच्या 20च फ्रेम काढून बघा.

दुसरं उत्तर: आणि टेबलाच्या कडांना 2 मिलिमीटर बेव्हल, म्हणजे किंचित गोलाई, द्या हो. सुरीसारखी धार खऱ्या टेबलाला कुठे असते?

प्रश्नकर्ती: 512वर कोपरा शांत! बेव्हलने कडेवर खिडकीच्या उजेडाची बारीक रेघ आली, तीच बघत बसलेय. मशीन मात्र आता आठवड्याहून जास्त अडकणार.