दिवाळखोरीच्या डिस्चार्जनंतरही शैक्षणिक कर्ज का उरते

अमेरिकेत चॅप्टर ७ चा (मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या दिवाळखोरीचा) डिस्चार्ज, म्हणजे उरलेल्या कर्जांतून न्यायालयाने दिलेली मुक्तता, मिळूनही शैक्षणिक कर्जाचे बिल आले, ही बँकेची चूक असावी, असे आपण लिहिले आहे. ती चूक नाही. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५२३(अ)(८) नुसार हे कर्ज आपोआप माफ होत नाही. २००५ पासून बहुतेक खासगी शैक्षणिक कर्जांनाही हाच नियम लागू आहे.

माझ्या धाकट्या भावाचे असेच झाले. प्रकरण चालू असताना वसुली थांबली होती, पण व्याज चढत होते, त्यामुळे डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलावरची रक्कम आधीपेक्षा मोठी होती. तो ते पाकीट आठवडाभर न फोडता टेबलावर ठेवून बसला, आणि तेवढे कृपया आपण करू नका. आधी कर्ज सरकारी की खासगी ते पाहा. सरकारी असल्यास उत्पन्नावर आधारित हप्त्यासाठी लगेच अर्ज करा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: 'असह्य हालअपेष्टा' सिद्ध करून माफी मागणारा स्वतंत्र दावा डिस्चार्जनंतरही लावता येतो, आणि त्यासाठी बंद प्रकरण पुन्हा उघडण्याचे वेगळे शुल्क पडत नाही. अशा हालअपेष्टा आहेत की नाहीत हे ठरवताना न्यायालये बहुधा १९८७ च्या ब्रूनर खटल्यात ठरलेली कडक कसोटी लावतात. मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्याने सरकारी कर्जांसाठी उत्पन्न-खर्चाच्या प्रतिज्ञापत्राची सोपी पद्धत आणली. भारतातून कोणी सहकर्जदार असेल, तर त्याची जबाबदारी आपल्या डिस्चार्जने संपत नाही, हे त्याला आजच कळवा.