फिजिओथेरपिस्टने नावाआधी ‘डॉ.’ लावावं का?

मुक्ता_सातारा:
बाबांना अर्धांगवायू झाल्यावर आमच्या फिजिओताई सहा महिने घरी येत होत्या. बाबा उजव्या हाताने पेला उचलून स्वतः पाणी प्यायले, ते त्यांच्यामुळे. आता सोसायटीतले एक निवृत्त डॉक्टर म्हणतात, ताईंच्या पाटीवरचं ‘डॉ.’ चूक आहे. एप्रिल २०२५मध्ये आलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नावाआधी ‘डॉ.’ आणि पुढे ‘पीटी’ (फिजिओथेरपिस्ट) लावायची मुभा होती. ९ सप्टेंबरला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘डॉ.’ लावू नका असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. माझ्या मते ताईंनी तो मान कमावलाय.

अस्थिरोग_नाशिक:
मान द्यायला माझी ना नाही. पण पेशंट पाटीवरचं ‘डॉ.’ तेवढं वाचतो, पुढची डिग्री कोण बघतो? पाठदुखीसाठी तीन महिने फिजिओकडे शेक आणि ट्रॅक्शन (मणक्याला ताण) घेतलेला एक पेशंट माझ्याकडे आला. मणक्याचा टीबी निघाला. संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, कुणी विचारलंच नव्हतं. आपण डॉक्टरकडेच जातोय, अशी त्याची समजूत होती.

बीपीटीएच_पुणे:
सर, ताप, वजन, रात्री वाढणारं दुखणं, हे विचारायला आम्हा फिजिओंना शिकवतातच. ज्याने विचारलं नाही तो चुकला, ‘डॉ.’ काढून तो सुधारणार नाही. ‘नीट’ परीक्षा देऊन प्रवेश, चार वर्षं अभ्यास, सहा महिने इंटर्नशिप. नव्या अभ्यासक्रमात ती वर्षभराची. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तरी अजून ‘मालिशवाली आली’ असं ऐकून घेते मी. दंतवैद्यांच्या ‘डॉ.’ला कुणी हरकत घेत नाही.

अस्थिरोग_नाशिक:
दंतवैद्य दात बघतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमचं तसं नाही.

लीड्सकर:
इंग्लंडमध्ये गुडघा दुखला तर अनेक जीपी (फॅमिली डॉक्टर) दवाखान्यांत थेट फिजिओच तपासतो. नावाआधी सहसा ‘डॉ.’ नसतं, पण त्याच्या शब्दाला वजन असतं. कारण ‘फिजिओथेरपिस्ट’ हा शब्दच कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे नोंदणी नसताना तो लावणं गुन्हा. भांडायचं तर त्यासाठी भांडा.

मुक्ता_सातारा:
लीड्सकर, हे वाचून एक आठवलं. ताईंच्या आधी एक मुलगा यायचा, तीन महिन्यांचा कोर्स केलेला. त्याने बाबांचा लुळा हात धरून वर ओढला आणि खांदा महिनाभर ठणकत राहिला. स्नायू ढिले पडले की खांद्याचा सांधा खाली उतरतो, तो हात कधी ओढायचा नसतो, हे पुढे ताईंनी सांगितलं. त्या मुलाच्या कार्डावर ‘डॉ.’ नव्हतं, नुसतं ‘फिजिओथेरपिस्ट’ होतं. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायचा असतो, हेच तेव्हा मला माहीत नव्हतं.