घाटात वॉट प्रति किलो आणि हार्ट रेट नेमके मोजायचे कसे?

सिडकोकर
नमस्कार मंडळी. वय ३८, वजन ७२ किलो, साधी ॲल्युमिनियमची रोड बाइक. नाशिकच्या अंबडला शिफ्ट ड्युटी, त्यामुळे लांब राइड रविवारीच. बहुतेक वेळा नांदुरीहून सप्तशृंगी गड, नाहीतर त्र्यंबक रोड. पॉवर मीटर (पेडलवर लावलेली ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र) नाही, सध्या परवडणारही नाही. ॲप चढ संपल्यावर अंदाजे पॉवर दाखवतं, पण त्याच चढाला एकदा २१० वॉट आणि एकदा १९०, वेळ मात्र जवळपास तीच. जीव तोंडाशी आलेला असताना मनगटावरचं घड्याळ हार्ट रेट ९५ दाखवतं. माझे वॉट प्रति किलो, म्हणजे स्वतःच्या दर किलो वजनामागे किती ताकद, खात्रीने कसे काढू? हार्ट रेट किती ठेवावा? हलकी सायकल घ्यावी की आपलं वजन उतरवावं, तेही ठरवायचंय.

पाथर्डी फाटा
पहिलं काम, छातीचा पट्टा घ्या. हँडल घट्ट धरलं की मनगट वाकतं, रस्त्याचे हादरे बसतात आणि घड्याळाचा प्रकाशाचा सेन्सर गडबडतो. कधी कधी ते पेडलच्या फेऱ्याच ठोके म्हणून मोजतं. पट्टा बांधण्याआधी आतले रबरी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायचे. थंडीत घाम उशिरा सुटतो आणि कोरडा पट्टा पहिली दहा मिनिटं काहीही आकडे देतो.

मोहिनी, देवळाली कॅम्प
मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि घाटात सायकल चालवते, म्हणून सविस्तर लिहिते. चढ उभा असेल तर पॉवर मीटरशिवायही उत्तर चांगलं जवळ येतं, कारण तिथे बहुतेक ताकद फक्त वजन वर उचलण्यात जाते.

आधी वजन. पूर्ण तयारीत, म्हणजे हेल्मेट, बूट, भरलेल्या दोन्ही बाटल्या, पंप, ट्यूब यांसकट सायकल हातात उचलून काट्यावर उभे राहा. तुमचं ८३ किलो भरेल असं धरू. ५ किलोमीटरमध्ये ३०० मीटर उंची, म्हणजे ६ टक्के चढ, २४ मिनिटांत चढलात. ८३ गुणिले ९.८१ गुणिले ३००, भागिले १४४० सेकंद. आले १७० वॉट. टायरच्या घर्षणाचे १७, हवेचे ९ आणि चेनमध्ये जाणारे साधारण ६ मिळवा. झाले २०२. आता भागायचं मात्र फक्त स्वतःच्या ७२ किलोंनी. २.८ वॉट प्रति किलो.

हे गणित सौम्य चढावर करू नका. थळ घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. तेवढ्या चढाच्या रस्त्यावर तुम्ही याच ताकदीने ताशी २१ च्या आसपास जाल आणि पाचवा हिस्सा हवाच खाईल. मग वारा कुठून होता, तुम्ही किती वाकला होतात, यावर उत्तर हलतं. त्र्यंबक रोड या कामाला नको, गडाचा घाट हवा. तिथेही समोरून ताशी १० चा वारा असला तर वर काढलेल्या ९ वॉटचे जवळपास ३० होतात, म्हणून पावसाळ्यातली वेळ हिवाळ्यातल्या वेळेशी ताडून पाहू नये. नवरात्र आणि चैत्रोत्सवात घाट भाविकांचा असतो, तेव्हा वेळ लावून चढूच नका.

वेळ तीच आणि वॉट वेगळे, यामागे माझा पहिला संशय उंचीवर. ३० मीटर चुकले की १७ वॉट चुकले. सायकल कॉम्प्युटर हवेच्या दाबावरून उंची काढत असेल तर त्याचं बारीक छिद्र घामाने, चिखलाने बुजतं, ते साफ ठेवा. नाशिकरोड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे उभं राहून कॉम्प्युटर जुळवून घ्या. चढाची उंची एकदा नीट ठरवली की दर वेळी तीच धरायची, बदलतो तो फक्त वेळ.

सायकलचं सांगायचं तर, दीड किलो हलकी घेतलीत तर या २४ मिनिटांत साधारण २५ सेकंद वाचतील. स्वतःचे तीन किलो उतरवलेत तर पन्नासेक सेकंद, तेही वॉट तेवढेच राहिले तर. जेवण तोडून उतरवलेल्या वजनाबरोबर पायातली ताकदही जाते. शिफ्ट ड्युटीच्या माणसाने तर हे अजिबात करू नये. माझं मत विचाराल तर आहे तीच सायकल ठेवा.

सिडकोकर
मोहिनीताई, मनापासून आभार. हार्ट रेटचं मात्र राहिलं. २२० वजा वय केलं तर माझा कमाल १८२ येतो, तो धरू का? आणि मित्राचा पट्टा लावून पाहिला तर चढाच्या सुरुवातीला १५५ आणि वर पोचताना १६८, वेग तोच. म्हणजे दम कमी पडतोय का?

गंगापूर रोड
एक सांगून ठेवतो, बाकी ताई सांगतीलच. छातीत दाब आला, चक्कर आली किंवा ठोके अचानक वेडेवाकडे वाटले तर तिथेच उतरायचं, आकडे बघत बसायचं नाही. चाळिशीजवळ आहात, जोर लावून टेस्ट करण्याआधी डॉक्टरांना दाखवून या.

मोहिनी, देवळाली कॅम्प
गंगापूर रोड यांचं आधी ऐका.

१८२ ही तुमच्या वयाची सरासरी आहे. प्रत्यक्षात दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणारे पुष्कळ असतात, म्हणून त्यावरून झोन, म्हणजे हलक्या-जोराच्या राइडसाठी ठोक्यांचे टप्पे, आखू नका. डॉक्टर हो म्हणाले की एकट्याने ३० मिनिटं जेवढं सलग टिकेल तेवढं जोरात चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी काढा. तो तुमचा उंबरठ्याचा हार्ट रेट, म्हणजे ज्याच्या वर गेलं की फार वेळ टिकत नाही तो. लांब चढ त्याच्या जरा खालीच ठेवायचा. चढ सुरू होताना पहिली दोन मिनिटं आकड्याकडे लक्ष देऊ नका. पाय आधी कामाला लागतात, ठोके मागून येतात, आणि कमी दिसतात म्हणून जोर वाढवला की वरच्या वळणांवर दमछाक होते.

१५५ चे १६८ होणं म्हणजे दम कमी आहे असं लगेच धरू नका. ऊन चढलं, घामाने पाणी गेलं, की तेवढ्याच वॉटला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. नांदुरीहून उजाडताना निघा, आदल्या रात्रपाळीची झोप भरून काढा, एक बाटली चढातच संपवा आणि मग पाहा. तरीही फरक तेवढाच राहिला तर सपाटीवरच्या लांब, सावकाश राइड वाढवायला हव्यात. पुढच्या वेळी चढाचे दोन भाग करून प्रत्येकाची वेळ आणि सरासरी ठोके इथे टाका, मी हिशोब करून देते.