मदत हवी आहे: दडपशाहीने यादवी पेटते की दबते? (श्रीलंका आणि मलेशिया)

मंडळी, राज्यशास्त्राच्या निबंधासाठी या दोन देशांची तुलना करतोय आणि एका जागी अडकलोय.

'इतके वंश, इतक्या भाषा, मग भांडणं होणारच' हे उत्तर कृपया नको. टांझानियात शंभरावर जमाती आहेत, तरी यादवी नाही. सोमालियात भाषा आणि धर्म जवळजवळ एकच, तरी १९९१ मध्ये राज्यच कोसळलं. (तिथलं कुळांचं राजकारण ठाऊक आहे, त्यात आत्ता शिरत नाही.)

माझ्या जोडीत दोन्हीकडे बहुसंख्याकांची भाषा राजभाषा झाली, विद्यापीठ प्रवेशात त्यांनाच झुकतं माप मिळालं, दंगली झाल्या, आणि खटल्याविना डांबून ठेवणारे कायदेही होते. मलेशियात तर १३ मे १९६९ च्या दंगलीनंतर १९७१ पर्यंत संसदच बंद होती! कम्युनिस्टांचं बंडही होतं, पण चिनी समाज मोठ्या संख्येने त्यामागे गेला नाही. पेटली ती श्रीलंका.

मला वाटतं, दडपशाही किती कडक यापेक्षा नेमस्तांना जागा उरते का, हे महत्त्वाचं. मलेशियात चिनी आणि भारतीय पक्ष सत्ताधारी आघाडीत राहिले, चिनी माध्यमाच्या प्राथमिक शाळा सरकारी मदतीवर चालू राहिल्या. श्रीलंकेत पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात तमिळ भागांना काही स्वायत्तता देणारा करार १९५७ मध्ये झाला आणि वर्षभरात मोडला. १९७७ मध्ये तमिळांचा संसदीय पक्ष प्रमुख विरोधी पक्ष झाला. पुढे जुलै १९८३ चं तमिळविरोधी हत्याकांड, आणि ऑगस्टमध्ये सहावी घटनादुरुस्ती: वेगळ्या राज्याची मागणी सोडल्याची शपथ घ्या, नाहीतर खासदारकी गेली. ते खासदार बाहेर पडले. तरुण सशस्त्र गटांकडे वळले, यात नवल काय?

पण मार्गदर्शकांनी बोट ठेवलं ते इथेच. सरकार दडपशाही करतं तीच मुळी बंडाच्या भीतीने, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफना शहराच्या महापौरांची तमिळ बंडखोरांनी केलेली हत्या १९७५ ची, दहशतवाद प्रतिबंधक कायदा १९७९ चा. म्हणजे बंदूक आधी आली. शिवाय श्रीलंकन तमिळ उत्तरेत आणि पूर्वेत एकवटलेले, मलेशियातले चिनी शहरांत विखुरलेले. सगळा फरक भूगोलाचाच निघाला तर माझा मुद्दा निकालात.

नेमस्तांची जागा आणि भूगोल, हे दोन धागे वेगळे कसे करायचे? अल्पसंख्याक एका प्रदेशात एकवटलेले, राजवट कडक, पण नेमस्तांशी वाटाघाटी चालू राहिल्या आणि युद्ध टळलं, असा तिसरा देश कुणाला सुचतो का? उलटं उदाहरण असेल तर आणखी बरं.