उशिरा आलेल्या मुलांना गेटबाहेर ठेवावं का?

हेडसर:
सुरगाणा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठ वर्षं मुख्याध्यापक आहे. लोकांना वाटतं, हेडमास्तर म्हणजे खुर्ची, सही आणि शिक्का. खरं तर दिवस जातो यू-डायस म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची माहिती, शालार्थ या सरकारी प्रणालीवरची पगारबिलं, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आणि टाकीत पाणी चढलं का हे बघण्यात. म्हणून परिपाठाआधीची वीस मिनिटं गेटवर उभं राहायला मिळालं की बरं वाटतं.

पूर्वी राष्ट्रगीत सुरू झालं की शिपाईमामा गेट लावायचे. मागाहून येतील ती मुलं पहिला तास संपेपर्यंत बाहेर. ही पद्धत माझ्या आधीपासूनची, मीही सहा वर्षं चालवली. मग एका डिसेंबरात उशिराची वही घेऊन बसलो. कारण मुलांनीच लिहायचं असतं. ‘गाडी चुकली.’ ‘भावाला अंगणवाडीत सोडले.’ ‘शेळी व्याली.’ नववीतल्या एका मुलीचं महिन्यात अकरा वेळा एकच कारण: ‘भाकरी केल्या.’ भातकापणी उरकली की तिचे आईबाप दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला जातात. घरी आजी आणि दोन धाकटे भाऊ. अकरा वेळा आम्ही तिला बाहेर उभं केलं होतं.

तेव्हापासून गेट उघडं. वहीत सही करायची आणि वर्गात जाऊन बसायचं. निम्म्या स्टाफरूमला हे अजून पटलेलं नाही. तुमचं मत?

निवृत्त मास्तर:
सर, कळकळ मान्य. पण भाकरी करून येणारी एक असते आणि टपरीवर रेंगाळणारे दहा. गेट दोघांना सारखंच उघडं. आम्ही ओढा ओलांडून सहा मैल चालत जायचो, तरी प्रार्थनेला हजर. दहावीच्या परीक्षेला केंद्रावर उशीर झाला तर कोण वही पुढे करणार आहे?

दोन मुलांची आई:
ओढा आला! या वादात तो येणारच होता. मास्तर, तुमच्या भाकरी कोणी केल्या होत्या?
शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. सगळ्या गावादेखत गेटबाहेर उभं करणं दुसरं काय आहे?

निवृत्त मास्तर:
ताई, तो कायदा 6 ते 14 वयापर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंत. मुलगी नववीत आहे.

दोन मुलांची आई:
म्हणजे आठवीपर्यंत अपमान वाटतो आणि नववीत वाटायचा थांबतो?

फाट्यावरचा:
मी त्याच भागातला. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, चांगलंच आहे. पण पाड्यावरून फाट्यापर्यंत सहा किलोमीटर चालावं लागतं, तिथे पास चालत नाही. एक सांगू? गेट बंद असायचं तेव्हा उशीर झाला की आम्ही शाळेकडे फिरकायचोच नाही. जांभळाखाली बसून डबा खायचा आणि संध्याकाळी घरी. घरच्यांना वाटायचं, पोरगा शाळेत.

गणिताच्या बाई:
मी दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते, पण हा प्रश्न रोजचा आहे. सगळे उशिरा येणाऱ्यांबद्दल बोलताय. वेळेवर आलेल्या चाळीस जणांचं काय? वर्गसमीकरणाचे अवयव पाडत असते, मधलं पद फोडून दाखवलेलं असतं आणि दारातून “बाई, आत येऊ?” पुन्हा पहिल्यापासून. पाच मिनिटांनी आणखी दोघं. पस्तीस मिनिटांच्या तासात हे चार वेळा झालं तर मी शिकवलं काय? दया हेडसर दाखवतात, तास माझा जातो.

निवृत्त मास्तर:
बाईंनी नेमकं बोट ठेवलं.

हेडसर:
टपरीवाल्यांचं आधी सांगतो. वहीत त्यांची अक्षरं ओळखू येतात. अशा दोघांच्या घरी मी स्वतः गेलो. एक सुधारला, दुसरा आता वेगळ्या टपरीवर बसतो.
जांभळाचं वाचून मात्र गप्प झालो. आमच्या गेटासमोर चिंच आहे.
बाईंच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या गणिताच्या बाईंचंही हेच गाऱ्हाणं. काल वेळापत्रक घेऊन बसलो. सोमवारपासून नववीचं गणित तिसऱ्या तासाला. पहिला तास मी घेणार, इतिहासाचा. दार वाजलं तर माझं वाजेल.

गणिताच्या बाई:
हे चालेल. आमच्या हेडसरांना हा धागा पाठवू का?

इतिहासाचा शिक्षक:
एक मिनिट. इतिहासात मधेच आत आलं तरी काही बिघडत नाही, असं कोणी ठरवलं? दहावीला आमचा पेपरही 40 गुणांचाच असतो, गणिताच्या एका भागाइतकाच.